वसईच्या लेकराची नागासाकीची वाट

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आपल्या लातूर-नांदेडहून कितीतरी मैत्रिणी गाड्या करून तिकडे जाऊन आल्या. संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, आयुष्यभर मराठीत लिहिलेले, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलेले. २०२४ मध्ये ते गेले. पण तेव्हा आपल्याकडे बायकांमध्ये एक कुतूहल होतं, की हे ख्रिश्चन फादर इतकं सुरेख मराठी कसं काय बोलतात? वसईच्या माणसाला हा प्रश्न ऐकून हसू येईल. तिथल्या ख्रिस्ती घरांत चारशे-साडेचारशे वर्षं मराठीच्याच बोली बोलल्या जातात. लग्नाची गाणी त्याच बोलीत, भांडणंही त्याच बोलीत.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो याच वसईचा. नाव गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला कॅथलिक चर्चचा पहिला संत. आपल्या भागात हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे आणि नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे. आपण ज्ञानोबा, तुकोबा म्हणतो तसं मीही त्याला एकेरीच म्हणणार आहे, त्यात अनादर नाही.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. त्याच्या जन्माआधी वीसेक वर्षं, १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. त्यांनी तिथे समुद्राला लागून मोठा किल्ला बांधला. आत चर्च, मठ, शाळा, श्रीमंतांचे वाडे. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला हे आपण शाळेत शिकलोच आहोत. आज किल्ल्यात गेलं तर छप्पर नसलेल्या चर्चच्या उंच भिंती आणि त्यांतून उगवलेली झाडं दिसतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. यातल्याच एका आवारात कधी काळी लहानगा गोन्सालो पाटी घेऊन बसत असेल. वडील पोर्तुगीज, आई वसईकडचीच, इथल्या मातीतली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मनात राहील. ज्या पोर्तुगीज सत्तेखाली गोन्सालो वाढला, ती सत्ता स्वतः काही साधीसुधी नव्हती. गोव्यात १५६० मध्ये त्यांनी धर्मन्यायालय बसवलं, ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. लोकांची देवळं पाडली, घरातले सणवार, जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून माणसांना कोठडीत टाकलं. म्हणजे एकाच धर्माचे लोक एका किनाऱ्यावर दुसऱ्यांना छळत होते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर स्वतः छळले जात होते. गोन्सालोची गोष्ट दुसऱ्या किनाऱ्याची आहे. पहिला किनारा विसरून ती सांगितली तर ती अर्धीच होईल, असं मला वाटतं.

तर हा मुलगा वसईच्या जेझुइट पाद्र्यांकडे शिकला. हा जेझुइट संघ म्हणजे त्या काळातला कडक शिस्तीचा, शिकल्यासवरल्या धर्मगुरूंचा संघ. त्यांच्यातल्याच एका फादरबरोबर गोन्सालो जहाजात बसून जपानला निघाला तेव्हा त्याचं वय होतं पंधरा-सोळा.

पंधरा-सोळा म्हणजे आपल्याकडे दहावी झालेलं लेकरू. लातूर पॅटर्नच्या नादाने आपण याच वयाच्या पोरांना अकरावी-बारावीला लातूरला ठेवतो. ट्रंक, गादी, चिवड्याचा डबा, आणि मेसचं जेवण कसं असेल या काळजीत आईची रात्र. तरी रोज फोन होतो, दिवाळीला पोरगं घरी येतं. त्या वसईच्या बाईचं पोर मात्र असं गेलं, की पत्र यायचं म्हटलं तरी वर्ष-दोन वर्षं जात. तिच्याबद्दल इतिहासाने फार लिहिलेलं नाही. आयांबद्दल तो एरवी तरी कुठे लिहितो?

गोन्सालो १५७२ च्या सुमाराला जपानला पोहोचला. तिथे ख्रिस्ती धर्म तेव्हा अगदी कोवळा होता. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये तिथे गेले, तिथपासून मोजलं तर वीस-पंचवीस वर्षांचा. पण वाढत होता. काही सरदारांनी धर्म स्वीकारला, त्यांच्यामागे रयत आली, थोड्याच वर्षांत संख्या लाखाच्या वर गेली. या गर्दीत परदेशी फादर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातही जपानी नीट बोलता येणारे आणखी कमी. गोन्सालोला भाषेची देणगी होती. तो इतकं चांगलं जपानी शिकला की धर्मशिक्षक म्हणून गावोगाव फिरायला लागला. आजारी माणसाच्या उशाशी बस, मुलांना प्रार्थना शिकव, फादरांचं बोलणं लोकांना समजावून सांग. अशी सात-आठ वर्षं गेली.

त्याची एकच इच्छा होती, की आपल्यालाही जेझुइट संघात घ्यावं. ती पुरी झाली नाही. त्या काळी युरोपीय धर्मसंघ भारतात जन्मलेल्यांना, मिश्र रक्ताच्या मुलांना आत घ्यायला फार खळखळ करत. काम करायला चालतो, पंगतीत बसायला चालत नाही, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. घरातली सून वर्षानुवर्षं सगळं करते आणि सातबाऱ्यावर नाव घालायची वेळ आली की ती परक्याची होते, तसंच काहीसं.

गोन्सालो मग तिथून बाहेर पडला आणि व्यापारात शिरला. त्यातही भाषा कामाला आली. जपानी बंदरांत त्याच्या ओळखी होत्या, लोकांचा विश्वास होता. धंदा छान चालला, हातात पैसा खेळू लागला. इथे त्याची गोष्ट संपली असती तर कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. एका संघाने दार लावलं, माणसाने दुसरी वाट धरली, मानाने जगला. मला त्याच्या आयुष्यातली ही वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण पुढचं सगळं त्याने सुखाचं दार उघडं असताना पत्करलं.

तो व्यापारानिमित्त फिलिपिन्समधल्या मनिलाला गेला. तिथे स्पेनची सत्ता होती आणि फ्रान्सिस्कन संघाचे साधू काम करत होते. हे साधू म्हणजे अंगावर जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, पाय बहुधा अनवाणी, आणि जगणं भिक्षेवर. गोन्सालोने व्यापार सोडला आणि त्यांच्यात सामील झाला. इथेही तो धर्मगुरू झाला नाही, ब्रदर झाला. ब्रदर म्हणजे वेदीवर उभं राहून पूजा करणारा नव्हे, तर झाडलोट, स्वयंपाक, रुग्णसेवा, निरोपाची ने-आण अशी पडेल ती कामं करणारा. व्यापारी म्हणून चार नोकर हाताखाली असलेल्या माणसाने हे निवडलं.

या वेळी जपानवर हुकमत होती तोयोतोमी हिदेयोशीची. साध्या शिपायाच्या घरात जन्मून सगळा देश मुठीत आणलेला हा माणूस. त्याने १५८७ मध्ये परदेशी पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण अंमलबजावणी ढिली ठेवली होती, कारण पाद्र्यांच्या पाठोपाठ व्यापारी जहाजं येत आणि ती त्याला हवी होती. त्याने मनिलाच्या गव्हर्नरला आपलं मांडलिकत्व मान्य करा असा निरोप धाडला. तिथे धाबं दणाणलं. उत्तर घेऊन जायला फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून नेमलं. पण बोलणार कोण? मग ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर निघाला. ही १५९३ ची गोष्ट.

विचार करा, एका बाजूला ज्याच्या शब्दावर माणसं मरतात असा हुकूमशहा, दुसऱ्या बाजूला स्पेनच्या राजाचा वकील, आणि मधे उभा वसईचा हा माणूस. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लढाई. बोलणी निभावली. हिदेयोशीने या साधूंना क्योटोत राहायची परवानगी दिली, जागाही दिली.

क्योटोत १५९४ पासून त्यांनी छोटं चर्च उभं केलं आणि त्याच्याजवळ गोरगरिबांसाठी, विशेषतः महारोग्यांसाठी, दोन इस्पितळं काढली. जपानमध्येही महारोग्याला घराबाहेर काढत. नदीकाठी, देवळाच्या पायऱ्यांवर भीक मागत ही माणसं मरत. फ्रान्सिस्कन साधू त्यांना उचलून आणायचे, जखमा धुवायचे, भरवायचे. जखमा धुणाऱ्यांत गोन्सालो होता, आणि रोग्याशी त्याच्या भाषेत बोलणारा तर तोच.

कुष्ठरोग शोधमोहिमेत मी आशाताईंबरोबर घरोघरी फिरलेली आहे. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का, एवढंच विचारायचं असतं. पण बाया पदर ओढून हात झाकून घेतात. एका घरात सासूने सुनेला उंबऱ्याबाहेरच येऊ दिलं नाही. आज औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होत नाही. तरी ही गत. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं तेव्हा तर ही औषधंही हाताशी नव्हती. मग चारशे वर्षांपूर्वी, काहीही उपाय नसताना, त्या जखमांना हात लावणारी माणसं लोकांना केवढी वेगळी वाटली असतील! क्योटोत लोक या धर्माकडे ओढले गेले ते पोथीपेक्षा या हातांमुळे, असं मी तरी समजते.

संकट आलं ते समुद्रातून. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला निघालं होतं, ते वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर तोसा प्रांतात आदळलं. पोटात रेशीम आणि मौल्यवान माल खच्चून भरलेला. हिदेयोशीचे अधिकारी तो जप्त करायला आले. असं सांगतात की जहाजाच्या एका अधिकाऱ्याने धाक बसावा म्हणून नकाशा पसरून स्पेनचं साम्राज्य केवढं आहे ते दाखवलं, आणि आधी पाद्री जातात, मागून सैन्य जातं अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला. हे बोलणं नेमकं कसं झालं याबद्दल स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकमेकांवर दोष ढकलत राहिले. हिदेयोशीचा संशय मात्र पेटला. राज्यकर्त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याची भीती अगदीच खोटी नव्हती, वसई-गोव्यात काय झालं ते आपण पाहिलंच. पण शिक्षा झाली ती तोफा घेऊन आलेल्यांना नव्हे. जखमा धुणाऱ्यांना झाली.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाकात साधूंच्या घरांना पहारे बसले. नावांची यादी झाली. यादीत मथियास नावाचा एक स्वयंपाकी होता. शिपायांनी नाव पुकारलं तेव्हा तो बाजारात की कुठे गेला होता. शेजारचा दुसरा एक मथियास पुढे आला आणि म्हणाला की नाव माझंही तेच आहे, मला न्या. शिपायांना संख्या भरायची होती. नेला त्याला.

३ जानेवारी १५९७ ला क्योटोत चोवीस जणांना उभं करून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. खरं तर नाक आणि दोन्ही कान कापायचा हुकूम होता, एका अधिकाऱ्याने दया येऊन एवढ्यावर भागवलं. मग गाड्यांत बसवून शहरातून धिंड काढली. त्यानंतर क्योटो ते नागासाकी असा सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास, बराचसा पायी, ऐन थंडीत, जवळजवळ महिनाभर. नांदेडहून मुंबईच्या अंतराहूनही कितीतरी जास्त. वाटेत गावोगाव लोकांनी बघावं आणि धसका घ्यावा हाच हेतू. झालं मात्र भलतंच. वाटेत दोघे जण कैद्यांची सेवा करत मागे मागे चालत होते, त्यातला एक सुतार होता. शिपायांनी त्यांनाही धरलं, तर त्यांनी सुटकेसाठी काकुळत केली नाही. चोवीसचे सव्वीस झाले.

या सव्वीसांत वीस जपानी होते. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, आणि एक आपला वसईचा. चाळिशीतला गोन्सालो या सगळ्यांत असा, की ज्याला साधूंची भाषाही येत होती आणि जपान्यांचीही.

आणि त्यांच्यात तीन मुलं होती. लुई बारा वर्षांचा, अँथनी तेरा, थॉमस चौदा.

ही मुलं साधूंच्या घरी राहून बारीकसारीक कामं करायची. थॉमसबरोबर त्याचे वडीलही होते. वाटेत एका किल्ल्यात मुक्काम पडला तेव्हा त्याने रात्री आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नका, धाकट्या भावंडांना सांभाळा, अशा अर्थाचं. ते पत्र कधी पाठवता आलंच नाही. नंतर वडिलांच्या अंगावर ते सापडलं, रक्ताने भिजलेलं. नागासाकीत देखरेखीला नेमलेल्या अधिकाऱ्याला बारा वर्षांच्या लुईची दया आली. धर्म सोड, मी तुला माझ्याकडे ठेवून घेतो, असं त्याने सांगितलं. मुलाने मान हलवली. अँथनी नागासाकीचाच. त्याचे आईबाप गर्दीत उभे होते. रडत, हात जोडत, एवढा लहान आहेस, मोठा झाल्यावर काय ते कर, आता घरी चल, असं विनवत. अँथनीने त्यांनाच धीर दिला.

नांदेडच्या बायकांना हे ऐकून लगेच साहिबजादे आठवतील. गुरू गोविंदसिंगांचे धाकटे दोन मुलगे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरहिंदला धर्म सोडायला तयार झाले नाहीत म्हणून मारले गेले, आणि त्यांची आजी माता गुजरी तिथेच गेली. २०२२ पासून २६ डिसेंबरला वीर बाल दिवस पाळला जातो तो त्यांच्यासाठी. गोदावरीकाठी माधोदास बैरागी म्हणून राहिलेला बंदासिंग बहादूर पुढे १७१६ मध्ये दिल्लीत असाच गेला, त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं चार वर्षांचं पोर मारून. ही दुःखं आपल्या घराजवळची आहेत.

खरं सांगू का मैत्रिणींनो, या लेकरांच्या निष्ठेचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. लोक म्हणतात धन्य ती मुलं. मला मात्र गर्दीत उभी असलेली अँथनीची आई दिसते. तिने तर पोराला धर्म कायमचा सोड असंही म्हटलं नव्हतं, आज नको एवढंच म्हटलं होतं. कुठलीही आई तेच म्हणेल. मोठ्या माणसाने स्वतःच्या जिवाचा निर्णय घ्यावा, त्यापुढे मी हात जोडीन. पण बारा वर्षांच्या पोरासमोर हा प्रश्न ठेवणाऱ्या सत्तेची लाज वाटली पाहिजे, मग ती सत्ता जपानची असो, सरहिंदची असो की गोव्याची.

ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीलाही हा पेच आयांपुढेच आला होता. पहिली तीनशे वर्षं रोमन साम्राज्यात हा धर्म संशयाचा होता. सम्राटाच्या नावाने चिमूटभर धूप जाळला की माणूस सुटे, नाही म्हटलं की मरण. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने मोकळीक दिली तेव्हा ते थांबलं. त्याआधी २०३ मध्ये, आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज शहरात, पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची बाई तुरुंगात होती. अंगावर पिणारं लेकरू. म्हातारा बाप पाया पडून सांगत होता की माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, त्या बाळाकडे बघ. तिने ऐकलं नाही. तिच्याबरोबर फेलिसिता नावाची एक दासी होती, ती तुरुंगातच बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत दोघी जंगली जनावरांसमोर मैदानात उभ्या केल्या गेल्या. पर्पेतुआने तुरुंगात स्वतःची हकिकत लिहून ठेवली, म्हणून हे आपल्याला कळतं. बाईच्या हातचं इतकं जुनं लिखाण जगात फार थोडं उरलं आहे. आणि त्यात ती बाळाची काळजी वाटते, हेही लिहिते. संत झाली तरी ती बाळंतीणच होती.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने जमिनीवर ठेवले होते. सांगतात की गोन्सालो सगळ्यांच्या आधी वर पोहोचला. समोरच्या क्रूसाकडे बोट करून त्याने विचारलं, हा माझा का? शिपाई नाही म्हणाले, दुसरा दाखवला. तिथे गुडघे टेकून त्याने त्याला मिठी मारली. जपानी पद्धतीत खिळे ठोकत नसत, लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी हातपाय आणि गळा आवळत. मग क्रूस उभे केले. पॉल मिकी नावाचा जपानी तरुण क्रूसावरून लोकांशी बोलला, मारणाऱ्यांना क्षमा केली. मुलं स्तोत्र गायला लागली. खाली भालाईत होते, दोन्ही बाजूंनी भाले गेले. थोड्या वेळात सगळं शांत झालं. खालच्या गर्दीने कडं तोडलं आणि पदर, रुमाल, जे हाती होतं ते रक्तात भिजवून घेतलं.

वसईला ही बातमी कळायला किती महिने लागले असतील देव जाणे.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी मेला, पण छळ थांबला नाही. १६१४ मध्ये सगळ्या जपानभर या धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हाकलले, सापडले ते मारले. मग आली ती युक्ती, जिच्यावर मी कितीतरी दिवस विचार करत होते. नागासाकी भागात दरवर्षी घरटी माणसं बोलावून येशूच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. ठेवला तर घरी जा. नाही ठेवला तर तुरुंग, छळ. हजारो माणसांनी पाय ठेवला. घरी येऊन दारं लावून रडत क्षमा मागितली, आणि लेकरांना गुपचूप प्रार्थना शिकवली. यांना काय म्हणायचं? गोन्सालो क्रूसावर गेला, त्याला निष्ठावंत म्हणणं सोपं आहे. पण चित्रावर पाय ठेवून आलेली, आणि रात्री पोराच्या कानात तीच प्रार्थना सांगणारी बाई? मी तिला बेइमान म्हणायला तयार नाही. तिने घरात बाळ घेतलेल्या कान्नोन या बौद्ध दयामूर्तीची प्रतिमा ठेवली आणि मनात तिला मरियम म्हटलं. धर्मगुरू नाही, चर्च नाही, पुस्तक नाही. फक्त घर. अडीचशे वर्षं हे घरातून घरात गेलं.

१८६५ मध्ये जपान परदेशी लोकांना थोडं मोकळं झालं होतं. नागासाकीला ओउरा भागात एका फ्रेंच फादरने परदेशी लोकांसाठी चर्च बांधलं आणि त्याला या सव्वीस हुतात्म्यांचंच नाव दिलं. १७ मार्चला उराकामी गावचे पंधराएक लोक दारात येऊन घुटमळू लागले. फादरांना वाटलं बघे असतील, दार उघडलं. ते आत प्रार्थनेला बसले तेव्हा त्यांच्यातली एक बाई जवळ आली आणि हळूच सांगितलं की आमच्या मनात जे आहे तेच तुमच्या मनात आहे. मग मरियेची मूर्ती कुठे आहे ते तिने विचारलं. सात पिढ्यांचं गुपित पहिल्यांदा उघड केलं ते एका खेडवळ बाईने. बंदी अजून उठली नव्हती, त्यामुळे त्या गावाला त्याची किंमत मोजावी लागली. तीन हजारांहून जास्त लोक हद्दपार झाले, बरेच परत आलेच नाहीत. १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या. आणि ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब फुटला तो याच उराकामीवर.

गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना १६२७ मध्ये धन्यवादित म्हणून, आणि ८ जून १८६२ ला संत म्हणून रोमने जाहीर केलं. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर लांबलचक दगडी भिंत उभारून तिच्यावर सव्वीस जणांचे ब्रॉन्झचे पुतळे एका ओळीत बसवले. हात जोडलेले, तोंड आभाळाकडे, पाय जमिनीपासून सुटलेले. तीन पुतळे बाकीच्यांपेक्षा बुटके आहेत. वसईहून जपानला जाणारे ख्रिस्ती लोक तिथे थांबतात, ओळीत गोन्सालो कुठला ते शोधतात, आणि आपल्या बोलीत त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जातात.